चाळीस स्लाइड आणि एक उंदीर

सोलापूर जिल्ह्यात उजनी धरणाच्या फुगवट्यालगतच्या एका शाळेतून हे पत्र आलं आहे. शाळा ओळखू येईल असा तपशील गाळला आहे. पत्र लिहिणाऱ्या बाई अकरा वर्षं शिकवतात, सध्या सहावी ते आठवीचा इतिहास-भूगोल त्यांच्याकडे आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी लोकवर्गणी काढून प्रोजेक्टर आणला आणि प्रत्येक पाठासाठी चित्रं, नकाशे, किल्ल्यांचे फोटो गोळा करून तीस-चाळीस स्लाइडचा संच बनवला. सुरुवातीला वर्ग खूश होता. आता खिडक्या लावून अंधार केला की मागच्या बाकावरची पोरं डुलक्या काढतात आणि घटक चाचणीतले गुण जिथल्या तिथे आहेत. मुख्याध्यापक म्हणाले, ‘बाई, सिनेमा पुरे झाला, पोर्शन संपवा.’ त्यातच दोन प्रसंग घडले. अफजलखानाच्या भेटीचं चित्र पाहून सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, ‘बाई, हे चित्र काढणारा तिथं होता का?’ बाईंना उत्तर सुचलं नाही, त्या पुढच्या स्लाइडवर गेल्या. दुसऱ्या एका मुलानं मोबाइलवर आलेला ‘महाराजांचा खरा फोटो’ दाखवला. तो खरा नाही म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी त्याचे वडील शाळेत हजर. बाई विचारतात: ‘हे सगळं सोडून पुस्तकाकडं परत जाऊ का? माझी पदवी इतिहासाची नाही, मोडी येत नाही. पुण्यात असते तर मूळ कागद तरी बघायला मिळाले असते. खेड्यात साधनं कुठून आणू?’

बाई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात तुमच्या मुख्याध्यापकांचा राग आला. दुसऱ्या वाचनात वाटलं, त्यांचा ‘सिनेमा’ हा शब्द अगदीच वावगा नाही. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासाला चाळीस स्लाइड, म्हणजे एका चित्राच्या वाट्याला जेमतेम एक मिनिट. तेवढ्यात मूल काय करणार? बघणार आणि विसरणार. मीही हेच केलंय. माझ्या काळात प्रोजेक्टर नव्हता, तर मी वर्गाच्या चारही भिंती तक्त्यांनी भरून टाकल्या होत्या. तपासणीला आलेले साहेब खूश होऊन गेले. महिनाभरानं मी एका मुलाला विचारलं, तुझ्या मागच्या भिंतीवर कुठला किल्ला आहे? त्यानं वळून बघितलं आणि मग सांगितलं.

तेव्हा पहिली शंका मला तुमच्या सुरुवातीच्या समजुतीबद्दलच आहे. चित्रं दाखवली की इतिहास रंजक होतो आणि रंजक झाला की लक्षात राहतो, असं तुम्ही धरून चाललात. चित्र, नकाशा, जुनं पत्र हे सगळे साक्षीदार आहेत. साक्षीदाराला कोर्टात बोलावून नुसतं उभं करत नाहीत, त्याची उलटतपासणी घेतात. ती घ्यायची तर एका तासाला एकच साक्षीदार पुरतो. दोन म्हणजे गर्दी.

आणि ती उलटतपासणी तुमच्या वर्गात सुरू झालीच होती! ‘हे चित्र काढणारा तिथं होता का?’ अहो, इतिहासाच्या एम.ए.च्या वर्गात हा प्रश्न पडावा म्हणून प्राध्यापक डोकं फोडतात. तुमच्या सातवीतल्या मुलीला तो आपसूक पडला आणि तुम्ही पुढची स्लाइड लावली. रागवत नाही, मीही तेच केलं असतं, कारण पोर्शनची तलवार डोक्यावर होती. पण तुमच्या सगळ्या पत्राचं उत्तर त्या एका प्रश्नात आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

एक चित्र सांगतो. १७९० मध्ये पुण्याला पेशव्यांच्या दरबारात टिपूविरुद्ध करार झाला. इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट, गादीवर सोळा वर्षांचे सवाई माधवराव, दरबाराची सूत्रं नाना फडणविसांच्या हाती. या प्रसंगाचं एक भलंमोठं तैलचित्र आहे, आज ते लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. माणसांचे चेहरे, पगड्या, शालींचे काठ, सगळं इतकं बारीक की वाटावं चित्रकार कोपऱ्यात बसून रंगवत होता. आता तारखा लावा. चित्र पूर्ण झालं १८०५ मध्ये, इंग्लंडात. काढलं टॉमस डॅनियलनं, आणि तो त्या दरबारात नव्हता. त्याच्यापुढे जेम्स वेल्स या चित्रकारानं पुण्यात काढलेली रेखाटनं होती. बरं, वेल्स तरी होता का? वेल्स मुंबईत उतरला १७९१ मध्ये, कराराच्या पुढच्या वर्षी. म्हणजे करार होताना दोघांपैकी कुणीच तिथं नव्हतं. आणि हे चित्र हवं कुणाला होतं? खुद्द मॅलेटसाहेबांना.

मग चित्र खोटं का? नाही. वेल्सनं पुण्यात राहून खरी माणसं समोर बसवून काढली होती, त्यामुळे चेहऱ्यांबद्दल आणि कपड्यांबद्दल हा साक्षीदार चांगला आहे. त्या दिवशी कोण कुठं बसलं होतं, याबद्दल कच्चा आहे. आणि आपली आठवण कशी राहावी असं मॅलेटला वाटत होतं, याबद्दल तर एक नंबर. एकाच चित्राकडून तीन वेगवेगळ्या वजनाच्या साक्षी. हे सातवीच्या मुलाला कळतं, अगदी सहज कळतं. घरातल्या लग्नाच्या अल्बममध्ये कोण पुढं उभं आहे आणि फोटोग्राफरला पैसे कुणी दिले, हे त्याला माहीत असतं.

त्या मुलीला आता उत्तर द्या. ‘तू विचारलंस ते मलाही माहीत नव्हतं, आपण शोधू’ असं सरळ सांगा. अफजलखानाची भेट १६५९ ची. आपण जी चित्रं पाहतो ती बहुतेक फार नंतरच्या चित्रकारांनी वर्णनं वाचून कल्पनेनं रंगवलेली. चित्राखाली चित्रकाराचं नाव आहे का, साल आहे का, एवढं तिला बघायला सांगा. नसेल तर ‘नाही’ हेही उत्तरच.

दुसरा प्रसंग अवघड, कारण त्यात वडील आहेत. तो ‘खरा फोटो’ खरा असूच शकत नाही, याला इतिहासकाराची गरज नाही, वजाबाकी पुरते: महाराज गेले १६८० मध्ये आणि फोटोची कला जगापुढे आली १८३९ मध्ये. फळ्यावर दोन आकडे लिहा, मुलं करतील. पण तुम्ही बहुधा मुलाला सगळ्या वर्गापुढं ‘हे खोटं आहे’ म्हणालात आणि घरी ते ‘बाई महाराजांना खोटं म्हणाल्या’ असं होऊन पोचलं. खेड्यात शब्द असेच प्रवास करतात.

त्या वडिलांना पुन्हा भेटलात तर एक गोष्ट सांगा. एके काळी आपल्याकडं इब्राहीम खान नावाच्या एका सरदाराचं चित्र शिवाजी महाराजांचं म्हणून छापलं जायचं. लोक त्याला भक्तिभावानं हार घालायचे. इतिहास संशोधक वा. सी. बेंद्रे यांनी प्रश्न विचारला, युरोपातली कागदपत्रं धुंडाळली आणि महाराजांचं अस्सल चित्र आपल्यापुढं आणलं. बेंद्र्यांची भक्ती कमी होती असं कोण म्हणेल? चित्राला प्रश्न विचारण्याची ही मराठी इतिहासकारांची आपली चाल आहे, ती बाहेरून आलेली नाही. जन्मतारखेचंही तसंच. लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची सालवार नोंदींची यादी, प्रसिद्ध केली, तिच्यात शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया सापडली आणि त्यावर किती वर्षं वाद झाले! आज आपण १९ फेब्रुवारी म्हणतो ती त्या कागदाच्या जोरावर. गावात एकदा तारखेनं आणि एकदा तिथीनं जयंती होत असेल, तर मुलांना त्यात कुतूहल आधीपासूनच आहे. आणि हे सांगताना आवाज खाली ठेवा. बरोबर असलेला शिक्षक वरच्या आवाजात बोलला की गावाच्या लेखी चूक ठरतो.

आता शीर्षकातल्या उंदराकडं येतो.

‘मोडी येत नाही, मूळ कागद नाहीत’ ही तुमची अडचण मला अर्धीच पटते. मूळ कागदाला हात लावणं वेगळं आणि मूळ मजकूर वाचणं वेगळं. वि. का. राजवाडे आणि त्यांच्यानंतरच्या लोकांनी हजारो पत्रं मोडीतून देवनागरीत उतरवून छापून ठेवली आहेत. ती लोकांनी वाचावीत म्हणूनच त्यांनी गावोगाव पायपीट केली. त्यातलं एकच घ्या: चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदार, हवालदार, कारकुनांना शिवाजी महाराजांकडून गेलेलं पत्र. पावसाळ्यासाठी घोड्यांचा दाणागोटा, गवत साठवलेलं आहे. पत्र सांगतं, ते जपून वापरा. आताच उधळलंत तर पुढं मिळणार नाही, घोडी मरतील. मग तुम्ही कुणब्यांच्या दारात जाल, ‘कोणी कुणब्यांचेथील दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी फाटे, कोणी भाजी, कोणी पाले’. मग रयतेला वाटेल की मोगल आले होते त्याहून तुम्ही वाईट. पुढं आगीची ताकीद आहे. गवताच्या गंजी आहेत, वारा आहे, भलत्या जागी चुली पेटवू नका, तंबाखूसाठी विस्तव फिरवू नका. आणि रात्री दिवा जळत ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल.

उंदीर! बाई, मी हे पत्र पहिल्यांदा वर्गात वाचलं तेव्हा वर्ग हसला. मग एक मुलगा म्हणाला, ‘सर, आमच्या गोठ्यात असंच झालतं.’ पुढचा अर्धा तास मला काही शिकवावं लागलं नाही.

या पत्राची एक प्रत टाइप करा, अवघड शब्दांचे अर्थ खाली द्या. फाटे म्हणजे जळण हे तुमच्याकडच्या पोरांना सांगावंही लागणार नाही. दर बाकाला एक झेरॉक्स. वीस-पंचवीस प्रती, खर्च चहाच्या दोन फेऱ्यांइतका. वीज गेली तरी तास होतो. मग चार-पाचच प्रश्न. कुणी कुणाला लिहिलं? लिहिणाऱ्याला कशाची भीती आहे? असं पत्र लिहायची वेळ का आली असेल? ‘भिंतीवर लिहू नये’ अशी पाटी शाळेत का लागते, तसंच हे. इथं मुलं पटकन म्हणतील, ‘म्हणजे शिपाई आधी त्रास देत होते.’ थांबवा त्यांना. दिला असेल, किंवा देतील अशी नुसती भीती असेल. पत्रावरून दोन्हीपैकी एक पक्कं करता येत नाही. शेवटचा प्रश्न सगळ्यात भारी: या पत्रात काय लिहिलेलं नाही? हुकूम पाळला गेला का, हे त्यात नाही. त्यासाठी दुसरा कागद लागेल. बस, ही झाली इतिहासाची पद्धत. वेगळं काही शिकवायचं उरत नाही.

याच पत्राला भूगोल जोडा, कारण दोन्ही विषय तुमच्याकडंच आहेत ही चैन थोड्या शिक्षकांना मिळते. तुमच्याकडं वर्षाला पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस, चिपळुणात तीन हजारांच्या वर. मग पावसाळ्याआधी चारा कोरडा करून ठेवणं, तो भिजू न देणं, घोड्यांसकट महिनोन् महिने एका जागी अडकून पडणं, हे सगळं नकाशावर बोट ठेवलं की कळतं. तुमच्या गावात घोडदळ असतं तर हे पत्र असंच लिहावं लागलं असतं का, असं विचारा. उत्तर मला माहीत नाही. मुलांनी वाद घालावा.

बाकी ‘पुण्यात असते तर’ हे तुमचं वाक्य मला सगळ्यात कमी पटलं. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून पुण्यात आहे, पेशवे दफ्तर पुण्यात आहे, सगळं खरं. पण त्या दफ्तराच्या आसपासच्या किती शाळांतली मुलं आत गेली असतील? आणि तुम्ही कुठं बसला आहात ते बघा. तुमच्या खिडकीतून जे पाणी दिसतं त्याखाली गावं आहेत! पलीकडच्या काठाला, इंदापूर तालुक्यात, पळसदेवचं पळसनाथाचं मंदिर पाणी फार खाली गेलं की वर येतं आणि लोक गाड्या करून बघायला जातात. तुमच्या वर्गातल्या अर्ध्या मुलांच्या घरात प्रकल्पग्रस्त दाखला असेल. याहून मोठं दफ्तर कुठलं हवं?

दोन नकाशे शेजारी ठेवा. अमेरिकी लष्कराच्या नकाशा खात्यानं १९५० च्या दशकात भारताचे १:२,५०,००० प्रमाणाचे नकाशे छापले होते. टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयानं ते इंटरनेटवर फुकट ठेवले आहेत. त्यात भीमा एक बारीक निळी रेघ आहे, कारण उजनी धरण पुरं झालं १९८० मध्ये. दुसरा आजचा, सर्व्हे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावरचा किंवा उपग्रहाचं चित्र. मुलांना पातळ ट्रेसिंग कागद द्या आणि जुन्या नदीवर नवं पाणी गिरवायला सांगा. कुठली गावं पाण्याखाली गेली ते त्यांच्याच पेन्सिलीखाली येईल. नावं रोमन लिपीत आणि इंग्रजांच्या उच्चाराची आहेत, ती ओळखणं हा वेगळा खेळ. एक काळजी घ्या: परदेशी नकाशांत आपल्या देशाच्या सीमा आपल्या अधिकृत नकाशाप्रमाणे नसतात. तालुक्यापुरता तुकडा कापून वापरा, आणि भारताचा नकाशा भिंतीवर लावायचा झाला तर सर्व्हे ऑफ इंडियाचाच लावा.

नकाशा झेरॉक्स करताना आणखी एक भानगड होते, ती मी कित्येक वर्षं केली. नकाशावर अंकप्रमाण छापलेलं असतं, समजा १:५०,०००, म्हणजे दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर. तुम्ही तो ए-फोरचा ए-थ्री मोठा केलात की दोनाचे पावणेतीनहून थोडे जास्त सेंटिमीटर होतात, पण छापलेला आकडा तोच राहतो. मुलं पट्टी लावून अंतर काढतात आणि गाव जवळजवळ दीडपट लांब जातं. रेषाप्रमाण, म्हणजे नकाशावर काढलेली अंतराची पट्टी, मात्र नकाशाबरोबरच मोठं होतं, ते खरंच राहतं. म्हणून कापताना तो छोटा पट्टा कापून टाकू नका. मी टाकला होता. फलटण-सातारा अंतर एका मुलानं इतकं काढलं की तो म्हणाला, ‘सर, यष्टी चुकीच्या रस्त्यानं जाते काय?’

वर्तमानपत्राचं कात्रणही साधनच. उन्हाळ्यात तुमच्याकडं ‘उजनी मायनसमध्ये’ अशी बातमी येतेच. सहावीच्या मुलाला विचारा, पाणी मायनस कसं असेल? धरणात सगळं मिळून सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं. त्यातलं सुमारे ६३ टीएमसी मृत साठा, म्हणजे तळाचं, एरवी वापरासाठी न धरलेलं पाणी. टक्केवारी मोजतात ती वरच्या ५३-५४ टीएमसीवर. म्हणजे शून्य टक्के झालं तरी धरणात ६३ टीएमसी आहेच. वजा तीस टक्के म्हणजे आणखी सोळा गेलं, सत्तेचाळीसच्या आसपास उरलं. गणिताच्या सरांना हा तास उसना द्या, ते आयुष्यभर उपकार मानतील.

आणि शाळेच्या कपाटातलं जनरल रजिस्टर! कुठल्या साली किती मुली दाखल झाल्या, मूळ गाव कुठलं, शाळा कधी सोडली, का सोडली. ‘सोडण्याचे कारण’ हा रकाना नुसता वाचत गेलात तरी गावाचा इतिहास उलगडतो. १९७० च्या दशकातली पानं काढा, धरणाची चाहूल त्यात लागते का बघा. जुन्या काही शाळांत सुरुवातीच्या नोंदी मोडीत असतात. कुणबी नोंदींचा शोध २०२३ मध्ये जोरात सुरू झाल्यापासून मोडी वाचणाऱ्यांना आलेला भाव तुम्ही पाहिला असेल, तेव्हा तालुक्याला एखादे मोडी जाणणारे गृहस्थ आता सापडतील. पण मुलांच्या हाती रजिस्टर देऊ नका. मुख्याध्यापकांची परवानगी घ्या, तुम्हीच आकडे काढा, नाव आणि जातीचे रकाने झाका. गाव लहान असतं. पन्नास वर्षांपूर्वी कुणाच्या आजोबांनी तिसरीतून शाळा का सोडली, हे आजच्या नातवाला वर्गात चिडवायला पुरतं.

सातबाराबद्दल तर कानाला खडा. मी एकदा मोठ्या हौसेनं मुलांना घरचा सातबारा आणायला सांगितला. पिकं, पोटखराबा, आकार, इतर हक्क, केवढा सुंदर कागद! दुसऱ्या दिवशी फाटकात दोन चुलते उभे. त्यांची आपसात कोर्टात केस चालू होती आणि प्रत्येकाला वाटलं, मास्तर दुसऱ्याच्या बाजूनं कागद गोळा करतोय. तेव्हापासून मी माझ्या वडिलांचा जुना सातबारा नेत असे. तुम्हीही स्वतःच्या घरचा वापरा.

म्हाताऱ्या माणसांना बोलवाल तेव्हाही जरा जपून. ज्यांची जमीन गेली त्यांना ‘आजोबा, सांगा बरं धरणाची गोष्ट’ म्हणणं म्हणजे खपली काढणं. आधी घरी जाऊन बसा, त्यांना यायचं आहे का ते विचारा. एक सांगेल, पाणी रातोरात आलं. दुसरा सांगेल, नोटिसा वर्षभर आधी आल्या होत्या. मुलं विचारतील, खरं कोण? कदाचित दोघंही. एकाला नोटीस वाचता येत होती, दुसऱ्याला नव्हती, असंही असू शकतं. आठवणीचीही तपासणी करायची, पण म्हातारबुवा घरी गेल्यावर, त्यांच्या तोंडावर नाही.

घरोघरच्या देवघरात एखादी शिवराई असेल तर ती मात्र खुशाल बघा. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. फक्त ‘हे महाराजांच्या काळचंच’ असं लगेच म्हणू नका. ही नाणी महाराजांनंतरही कितीतरी वर्षं पाडली गेली आणि चालत राहिली.

राहिला पोर्शन आणि मुख्याध्यापक. तुमच्यापुढं तीन वाटा दिसतात. सगळं सोडून पुस्तकाकडं जाणं: त्यात तुमचा जीव रमणार नाही, आणि मुलांना ते लगेच कळतं. रोजच्या रोज साधनं घेणं: त्यात पोर्शन खरंच राहील, मुख्याध्यापक बरोबर ठरतील. तिसरी वाट म्हणजे पंधरवड्यातून एक तास, एक साधन, आणि बाकीचे तास नेहमीसारखे पुस्तक, फळा, खडू. मी तिसरीच सुचवेन, आणि पुस्तकाला कमी लेखू नका असंही म्हणेन. पाठ्यपुस्तक न वाचलेल्या मुलाला चिपळूणचं पत्र दिलं तर त्याला जुमलेदार कोण तेच कळणार नाही. कुठल्या पाठाला साधन घ्यायचं हे जूनमध्येच ठरवा, वर्षाला दहा-बारा पुरे. तुमच्या त्या शेकडो स्लाइडमधून दहा चित्रं निवडायची म्हणजे खरी परीक्षा तुमची. प्रोजेक्टर विकू नका. एखादं चित्र मोठं करून त्यातला कोपरा दाखवायला त्याच्यासारखी सोय नाही.

मुख्याध्यापकांना पटवायला तत्त्वज्ञान नको, दहावीचा पेपर दाखवा. भूगोलात नकाशा वाचून उत्तरं लिहायची असतात, इतिहासात उतारा वाचून प्रश्न सोडवायचे असतात, आणि दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकाची सुरुवातच इतिहासलेखनापासून होते. ते गुण सातवीत पेरायचे आहेत म्हणा. शिवाय घटक चाचणीत दोन-तीन गुणांचा एक प्रश्न न पाहिलेल्या चित्रावर किंवा नकाशावर ठेवायची मुभा मागा. तुमचे गुण जिथल्या तिथे राहिले याचं एक कारण हेही आहे की तुम्ही चित्रं दाखवलीत आणि परीक्षेत सनावळी विचारलीत. मुलं हुशार असतात, जे विचारलं जात नाही ते ती शिकत नाहीत. एका सत्रात फरक पडला नाही तर मुख्याध्यापकांचं ऐका, मला त्यात काही कमीपणा वाटत नाही.

जनरल रजिस्टरचं कपाट उघडाल तेव्हा आधी वाळवी बघा. पानं फाटलेली असतील तर सेलोटेप लावू नका. दहा वर्षांनी तिचा पिवळा डिंक अक्षरं घेऊन निघतो. लॅमिनेशन तर नकोच नको. खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद करून मोबाइलवर फोटो काढा आणि रजिस्टर परत जागेवर ठेवा.